टाकीच्या तोंडाशी

माझं काम उभं राहायचं.
टाकी नंबर सातच्या माथ्यावर, झाकणापाशी,
हातात दोर.
दोराच्या दुसऱ्या टोकाला हिरामण भोये,
आत, पोटरीभर गाळात,
द्राक्षांची सालं खालच्या दाराकडे ओढतोय.

मार्च संपत आला. दिंडोरी रस्त्यावर
क्रेट लादलेल्या पिकअप अजून धावतायत.
आवारभर तोच वास,
गोड, आंबूस, लग्नघरात दुसऱ्या दिवशी येतो तसा.
फिरायला आलेल्या पाहुण्यांना सांगतात,
आंबताना रस श्वास घेतो.
घेत नाही. सोडतो.
आणि तो सोडलेला श्वास हवेहून जड,
तळाशी जाऊन बसतो पाण्यासारखा,
फक्त पाय ओले होत नाहीत.
माणूस वाकतो, एक फावडं भरतो,
दुसरं भरायला उठत नाही.

आमचे तात्या विहिरी खणायचे,
मोहाडीपासून जानोरीपर्यंत.
उतरायच्या आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला, की काठावर बसून तंबाखू मळायची.
मालक ओरडायचा, अरे, रोज बुडतो!
तात्या म्हणायचे,
रोज बुडू दे. मी नको.

आता कंदिलाच्या जागी पिवळा डबा आहे, मुठीएवढा.
नळी सोडायची वर, मधे, तळाला.
सकाळी तळाला चौदा दाखवले.
पंखा लावला. दीड तास.
मॅनेजर दोनदा येऊन घड्याळ बघून गेला,
माझं नाही, स्वतःचं.
मी तंबाखू सोडलीय, नाहीतर मळली असती.
वीस पूर्णांक नऊ आले, तेव्हा सही केली,
आणि तोच डबा हिरामणच्या छातीला अडकवला.

पाटीवर लिहिलंय:
बाहेरच्याने आत जाऊ नये.

सोपं वाटतं.
आधीच्या कारखान्यात उत्तम कडाळे
नुसती पडलेली बादली काढायला उतरला.
तो पडलेला दिसला म्हणून त्याचा मेहुणा उतरला.
मेहुणा दिसला म्हणून टेम्पोचा ड्रायव्हर,
ज्याचा दोघांशी काही संबंध नव्हता,
जो फक्त पावतीवर सही घ्यायला आला होता.
मी जेवून परत आलो तेव्हा
वर कुणीच नव्हतं.
बादली नंतर निघाली. चांगली होती.

म्हणून दर दोन मिनिटांनी मी दोर एकदा ओढतो.
तो एकदा ओढतो.
आमचं बोलणं एवढंच.

अकरा दहाला ओढला.
काही नाही.
परत ओढला.
पंख्याच्या घरघरीत डबा किंचाळला तरी
ऐकू येईल का, कोण जाणे.
माझा उजवा पाय
शिडीच्या पहिल्या पायरीवर होता.
मी ठेवला नव्हता.
पायाला पाटी वाचता येत नाही.
पायाला हिरामणची पोरगी माहीत आहे, यंदा दहावीला बसलेली,
डब्यातून येणारी नागलीची भाकरी माहीत आहे,
अर्धी नेहमी माझ्याकडे सरकवलेली.

पाय खाली घेतला.
कसा, ते विचारू नका.

शिट्टी. मग हँडल.
तिपाईवरची कप्पी करकरत फिरली,
दोर ताठ झाला, जड झाला,
आणि झाकणातून हिरामणचं डोकं वर आलं
शिव्यांसकट.
दोर फावड्याच्या दांड्याला गुंडाळला होता म्हणे.
अजून दोन घमेली राहिली होती म्हणे.
मी काहीतरी बोलायला गेलो
तर दात वाजत होते, चाळीस डिग्री उन्हात.
त्यानं बघितलं. गप्प झाला.
बाटलीतलं पाणी आधी मला दिलं.

वहीत लिहिलं: बाहेर, अकरा चौदा.
पंखा चालू ठेवला, नळी परत सोडली,
परत वीस पूर्णांक नऊ, परत सही.
दोन घमेली राहिली होती ना.

संध्याकाळी घरी शर्ट काढताना
बायकोनं तळहात पाहिले,
दोराचे लाल वळ दोन्हीकडे.
काय काम केलं आज एवढं?

उभा होतो, म्हटलं.